जाफन्याचा पखवाजी

चार माणसे रोज संध्याकाळी एकाच देवळात बसू लागली की त्यांच्याभोवती गोष्टी जमू लागतात. मुद्दाम कोणी त्या जमवत नाही. समईच्या बुडाशी तेल साचते तशा त्या साचत जातात, आणि एखाद्या दिवशी कोणी पुसायला घेतले की बोटाला चिकटतात. कोल्हापुरातील आमच्या पेठेत विठ्ठलाचे एक लहान मंदिर आहे. तेथील भजनी मंडळात, शाळेतून निवृत्त झाल्यापासून, पोथी वाचण्याचे काम माझ्याकडे आहे. आमच्याकडे साचलेल्या गोष्टींपैकी निम्म्या सेल्वाच्या आहेत. एकादशीचा फराळ झाला, ताटल्या उचलल्या की अजूनही कोणीतरी म्हणते, "सर, सेल्वाचं सांगा की." मग मी सांगतो. नव्वदच्या दशकातील हकीकत आहे. क्रम थोडा मागेपुढे होत असेल, पण बोलणी बहुतेक जशी झाली तशीच आहेत.

* * *

आमचे जुने पखवाजवादक मुलीकडे शिरोळला राहायला गेले, तेव्हापासून पखवाज खोळीत पडून होता. मंडळाचे प्रमुख गणपतबुवा पखवाजावाचूनच अभंग म्हणत, आणि ताल चुकला की पखवाज नाही या सबबीखाली तो खपून जाई. एका गुरुवारी भजन चालू असताना दाराशी एक सडपातळ, काळासावळा तरुण येऊन उभा राहिला. कपड्यांवर फौंड्रीची काजळी होती. अभंग संपल्यावर त्याने पखवाजाकडे बोट दाखवले आणि विचारले, "वाजवू का?"

त्याने बोटांनी शाई चाचपली, वादी ओढली आणि सुरुवात केली. हात दक्षिणेकडचा होता, मृदंगाचा. आम्हाला सवय होती धीम्या गतीची आणि हा तर दाण्यासारखे बोल टाकत पुढे निघालेला. आमचे तात्या, गुळाचे अडते, टाळ वाजवता वाजवता घामाघूम झाले. अभंग संपल्यावर ते म्हणाले, "वाजवतोय झकास. पण ह्याला घाई कसली हाय? गाडी पकडायची हाय का?"

बुवांनी विचारले, "पावणं, गाव कुठलं?"

"जाफना."

तात्यांनी क्षणभर विचार केला. "तालुका कुठला?"

सेल्वाने समुद्र, बेट आणि तेथील लढाई असे सगळे मोडक्या मराठीत सांगितले. तात्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि बुवांकडे वळून निष्कर्ष सांगितला, "बेळगावच्या पुढं हाय. बरंच पुढं."

* * *

सेल्वराज हे त्याचे पूर्ण नाव. तेथील युद्धात एका रात्री थोरल्या भावाला घरातून नेले आणि तो परत आला नाही. त्यानंतर आईने याला होडीत बसवून दिले. तामिळनाडूतील निर्वासितांच्या छावणीत तो काही काळ राहिला आणि मग साचेकामासाठी माणसे आणणाऱ्या एका ठेकेदाराबरोबर कोल्हापूरला आला. छावणी सोडताना परवानगी घ्यावी लागते हे ठेकेदाराला ठाऊक असावे. याला कोणी सांगितले नाही.

मराठी तो फौंड्रीत शिकला. त्यामुळे त्या भाषेत शिव्या भरपूर होत्या आणि त्या शिव्या आहेत याची त्याला कल्पना नव्हती. एकदा बुवांनी एक गवळण फार गोड म्हटली. सेल्वाने हात जोडले आणि भट्टीवर जी दाद ऐकली होती ती जशीच्या तशी बुवांना दिली. मी पोथी मिटली.

बुवा म्हणाले, "भाव शुद्ध आहे. पुढचा अभंग घ्या."

* * *

गडमुडशिंगीची मंगल याच्याच फौंड्रीजवळच्या कॅन्टीनमध्ये भाकऱ्या करी. दोघांचे जमले. मंगलचे वडील शेतकरी, माणूस सरळ, पण त्यांनी एक अट घातली. "पोरगा चांगला हाय, मान्य. पण त्याच्याकडची माणसं कोण? उद्या काय झालं तर मी कुणाच्या दारात जाऊ?"

बुवांनी सांगितले, "आमच्या."

लग्नात वरपक्ष म्हणून भजनी मंडळ बसले. एकाही डोक्यावर काळा केस नव्हता. मंगलच्या मामाने पाने वाटता वाटता विचारले, "एका नवरदेवाला इतके बाप?"

तात्यांनी वरबापाची भूमिका फार मनावर घेतली. वरपक्षाने रुसायचे असते, ही रीत त्यांना ठाऊक होती. जेवणाच्या पंगतीत ते अचानक उठले आणि मांडवाबाहेर जाऊन लिंबाखाली बसले. मंगलचे वडील घाबरून मागोमाग गेले. "काय चुकलं, पावणं?"

"काय न्हाय," तात्या म्हणाले. "रुसलोय. तुम्ही समजूत काढा, मग येतो. जिलेबी संपू देऊ नका तवर."

समजूत निघाली. पण त्या दिवसापासून मंगलचे वडील खरोखरच आम्हाला व्याही म्हणू लागले, आणि शब्द देऊन बसल्याची जाणीव आम्हालाही झाली.

* * *

गोकुळअष्टमीच्या कीर्तनासाठी लाउडस्पीकरची परवानगी काढावी लागते. दरवर्षी तात्या जात. त्या वर्षी गुळाचा हंगाम लवकर सुरू झाला म्हणून बुवांनी सेल्वाला पाठवले. लग्नाला काही वर्षे झाली होती. मुलगी जनी बोलू लागली होती. पोलिसांनी नेहमीप्रमाणे नाव विचारले, गाव विचारले. सेल्वाने सांगितले, "श्रीलंका."

समोरचा शिपाई हसला. "गंमत करू नकोस. खरं सांग."

त्याने पुन्हा तेच सांगितले. शिपायाने त्याला सुटण्याची वाट काढून दिली होती. गडमुडशिंगी म्हटले असते तरी कोणी दुसरा प्रश्न विचारला नसता. परंतु आमच्या मंडळात नवीन माणसाला माळ घालताना एकच गोष्ट बजावतात, की खोटे बोलायचे नाही. त्याला ती माळ बुवांनीच घातली होती.

लाउडस्पीकरची परवानगी मिळाली. सोबत, छावणी सोडून आलेला परदेशी इसम म्हणून त्याला मद्रासला नेऊन तेथून जहाजाने मायदेशी पाठवावे, अशी कारवाईही सुरू झाली.

बुवा त्या रात्री जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी ते मला म्हणाले, "सर, माळ मी घातली. मी त्याला आता असं सांगू का, की पोलिसांपुरती काढून ठेवायची?"



* * *

वकील शोधायला गेलो. सगळ्यांनी सांगितले की परदेशी माणसाच्या भानगडीत पडू नका. एकटे कांबळे वकील म्हणाले, "बघू या." ते बौद्ध, विठ्ठलाशी त्यांचा व्यवहार नव्हता, आणि हे त्यांनी पहिल्या बैठकीला आले तेव्हा मंदिराच्या दारातच स्पष्ट केले. "मी आत येणार नाही. तुमच्या देवाबद्दल राग नाही, पण माझ्या आजोबांना ज्या दारातून परत पाठवलं तशा दारातून मी आपणहून आत जात नाही. पायरीवर बसतो. चालेल?"

बुवा उठले आणि बाहेर पायरीवर येऊन बसले. मग आम्ही सगळेच बाहेर आलो. तेव्हापासून सेल्वाच्या कामाची प्रत्येक बैठक पायरीवर झाली, भर उन्हातसुद्धा. विठ्ठल आत एकटाच सावलीत असे.

वकीलसाहेब एकदा म्हणाले, "बुवा, मी देव मानत नाही, कागद मानतो."

"आमचं उलटं हाय," बुवा म्हणाले. "म्हणून तर तुमच्याकडं आलो."

कोर्टात द्यायला प्रत्येकाचे प्रतिज्ञापत्र हवे होते. वकीलसाहेबांनी विचारले, "या माणसाला तुम्ही केव्हापासून ओळखता?"

बुवांनी डोळे मिटले. "गेल्या जन्मापासनं."

वकीलसाहेबांनी लेखणी खाली ठेवली नाही. "ह्या जन्मातलं सांगा. कोर्टाला तेवढंच चालतं."

* * *

मोर्चा काढावा, ही कल्पनाही वकीलसाहेबांचीच. "तुम्ही म्हातारी माणसं रस्त्यावर उतरलात तर कलेक्टर कचेरीला दखल घ्यावी लागेल." त्यांनी एक घोषणाही करून दिली: सेल्वाला परत पाठवू नका, लेकराचा बाप हिरावू नका.

अडचण अशी झाली, की आमच्यापैकी कोणाला घोषणा देता येईना. चाल लावल्याशिवाय आमच्या तोंडून शब्द निघत नाही. बुवांनी पहिली ओळ धरली आणि सवयीने ती आळवली. टाळकऱ्यांनी ती झेलली. टाळ आले म्हटल्यावर पाय सरळ कसे पडणार? मंडळी पावली खेळू लागली. पावलीत पुढे टाकलेले पाऊल पुन्हा मागे येते. देवाच्या पालखीपुढे त्यात फार आनंद असतो, कारण तेथे पोचण्याची घाई कोणालाच नसते. येथे कचेरी बंद होण्याच्या आत पोचायचे होते.

बिंदू चौकात एक वाहतूक पोलीस बराच वेळ शिट्टी तोंडात धरून पाहत होता. शेवटी त्याने जवळ येऊन नम्रपणे विचारले, "आजोबा, तुम्ही जाताय का येताय? तेवढं सांगा. त्याप्रमाणं वाहतूक सोडतो."

कचेरीवर पोचलो तेव्हा फाटकाला कुलूप होते. वकीलसाहेब फाटकाला पाठ लावून उभे होते. ते कोणावरही रागावले नाहीत. इतकेच म्हणाले, "उद्या बसून करू."

* * *

दुसऱ्या दिवशी बसलो. कचेरीच्या आवारात जाजम अंथरले आणि भजन सुरू केले. तासाभराने एक अधिकारी निवेदन घ्यायला स्वतः बाहेर आले. वकीलसाहेबांना धन्य वाटले. परंतु ते आले तेव्हा आमचा रूपाचा अभंग नुकताच संपला होता, आणि भजनाला एक क्रम असतो. रूपाच्या अभंगानंतर पुढचे अभंग, मग गवळण, मग भैरवी, मग आरती. मध्येच उठणे म्हणजे वाढलेल्या पानावरून उठणे. बुवांनी अधिकाऱ्यांना हातानेच बसण्याची खूण केली.

अधिकारी उभे राहिले. मग खुर्ची मागवली. मग खुर्चीवर बसून पाहिले की सगळी मंडळी खाली बसली आहेत, तेव्हा जाजमाच्या कडेला खाली बसले. गवळण चालू असताना त्यांच्या हाताखालचा कारकून फाइल घेऊन आला, तेव्हा त्यांनीच त्याला बोटाने गप्प केले.

आरती झाली. साहेबांनी निवेदन वाचले आणि मंगलकडे वळून सहानुभूतीने म्हणाले, "ताई, कायदा कडक आहे. पण तुम्हाला नवऱ्याबरोबर जायला कोणी अडवत नाही. मुलीला घेऊन जा."

मंगल आतापर्यंत पदर धरून उभी होती. तिने विचारले, "साहेब, ह्याच्या आधी तुम्ही कुठं होता?"

"शिरोळला होतो."

"पुराच्या दिवसांत तुमची बायकापोरं तिथंच ठेवली होती?"

शिरोळला कृष्णेचे पाणी किती चढते हे तेथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत होते.

"पाणी उतरतं तरी," मंगल म्हणाली. "ह्येंच्या गावातली लढाई उतरंना झालीया. ह्येंच्या भावाला नेला, त्यो अजून घरी आला न्हाय. मी पोरीला कुठं घिऊन जाऊ? आन् ह्येंना एकटं धाडलं, तर पोरीला काय सांगू?"

साहेबांनी निवेदनावर शेरा मारला, आणि तो वर पाठवतो म्हणाले. जाता जाता त्यांनी जनीच्या गालाला हात लावून विचारले, "तुझं गाव कुठलं गं?"

"गडमुडशिंगी."

"आणि बाबांचं?"

जनीने जाजमावर बसलेल्या आम्हा सर्वांकडे पाहिले आणि सांगितले, "ह्ये."

* * *

वरून नकार आला. मग वकीलसाहेबांनी मंगलच्या नावाने मुंबईच्या कोर्टात अर्ज केला आणि ते स्वतः मुंबईला जाऊन राहिले. सुनावणी ज्या दिवशी लागली त्याच दिवशी सेल्वाला संध्याकाळच्या गाडीने मद्रासकडे न्यायचे, असा हुकूम इकडे निघाला. स्थगिती मिळाली तर वकीलसाहेब तात्यांच्या अडतीवर फोन करणार होते. तात्या सकाळपासून फोनजवळ बसले होते आणि दुसऱ्या कोणाचा फोन आला की रिसीव्हर आदळत होते.

मंदिरात त्या वेळी नामसप्ताह चालू होता. सप्ताहात वीणा अखंड उभी असते. काल्याच्या दिवसापर्यंत ती जमिनीला टेकत नाही. पाळी बदलताना नवा माणूस आधीच्या विणेकऱ्याच्या पायांवर डोके ठेवतो आणि वीणा त्याच्या गळ्यातून आपल्या गळ्यात घेतो. घेणारा आला नाही तर आधीच्याने जागा सोडायची नसते. त्या दुपारी पाळी सेल्वाची होती. मंगल खांबाजवळ जनीला मांडीवर घेऊन बसली होती. शेजारी त्याच्या कपड्यांचे गाठोडे होते. न्यायला येतील तेव्हा हाती द्यायला बांधून आणलेले.

जीप आली. हवालदार शिंदे आत आले. पन्हाळ्याकडचे गृहस्थ, भारदस्त. बूट त्यांनी दाराबाहेरच काढले होते. सभामंडपात येऊन ते हळू आवाजात म्हणाले, "सेल्वराज तूच न्हवं? वीणा ठेव बाबा आन् चल."

"ठेवता येत नाही, साहेब," सेल्वा म्हणाला. "कुणीतरी घेतली पाहिजे."

"ते ठावं हाय मला. माझा बाप माळकरी हुता." शिंदे आमच्याकडे वळले. "बुवा, घ्या."

बुवा भिंतीला टेकून बसले होते. "सकाळी माझी पाळी झाली, हवालदार. आता गुडघा धरलाय. उठवंना झालंय."

शिंद्यांनी माझ्याकडे पाहिले. मी पोथीवर होतो, आणि अध्याय पुरा झाल्याखेरीज पोथीवरून उठता येत नाही. अध्याय मोठा होता. एका टाळकऱ्याने नुकताच चहा घेतला होता आणि चूळ भरायची राहिली होती. दुसऱ्याच्या घरात सुतक होते, म्हणून तो दाराबाहेरच बसला होता. यांतले एकही कारण खोटे नव्हते. सगळी कारणे एकाच वेळी खरी ठरली, एवढेच.

शिंदे काही वेळ उभे राहिले. बाहेर जीपचा हॉर्न वाजला. मग त्यांनी टोपी काढली, कमरेचा चामड्याचा पट्टा सोडून कट्ट्यावर ठेवला, नळावर हातपाय धुतले आणि परत येऊन सेल्वाच्या पायांशी वाकले. सेल्वा दचकून मागे सरला.

"मागं का सरतोस?" शिंदे वाकलेलेच होते. "रीत हाय ती. ऱ्हा उभा."

त्यांनी त्याच्या पायांवर डोके ठेवले, वीणा आपल्या गळ्यात घेतली, तार छेडली आणि मग म्हणाले, "हां. आता चल."

वीणा घ्यायला कोणी उठले नाही. शिंद्यांनी गळ्यातल्या विणेकडे पाहिले. आमच्याकडे पाहिले. एकेकाकडे, सावकाश. मग त्यांना समजले.

"पळू नकोस," ते सेल्वाला म्हणाले.

"नाही, साहेब. पखवाजाला कुणी नाही," सेल्वा म्हणाला आणि पखवाजावर जाऊन बसला.

बुवांनी नाम धरले. शिंद्यांना ते येत होते. सुरुवातीला ते ओठांतल्या ओठांत म्हणत होते, मग आवाज मोकळा झाला; भरदार, रानात राखणीला बसलेल्या माणसाचा आवाज. जीपचा ड्रायव्हर दोनदा दाराशी येऊन गेला. दुसऱ्यांदा तो म्हणाला, "हवालदार, साहेब वायरलेसवर इचारत्यात, काय झालं?"

"सांग की, इसम नजरंसमोर हाय," शिंदे म्हणाले, आणि पुन्हा नामात मिसळले.

गाडीची वेळ झाली. गाडीची वेळ टळली. माझा अध्याय केव्हाच संपला होता. मी दुसरा सुरू केला. मंगल एकटक दाराकडे पाहत होती.

दिवेलागणीला तात्या धावत आले. त्या वयात धावले म्हणून त्यांना आधी बोलताच येईना. खांबाला धरून ते म्हणाले, "मिळाली. वकीलसाहेब सोता बोलले. केस संपंस्तवर ह्याला हितनं हलवायचं न्हाय. तिकडनं पोलीस ठेसनलाबी कळवलंय."

सेल्वाचे हात पखवाजावर थांबले. मंगलने गाठोडे पुढे ओढले, त्याची गाठ सोडली आणि आतला सदरा काढून नुसताच मांडीवर धरून बसली. जनीने विचारले, "आई, काय झालं?"

बुवा भिंतीचा आधार न घेता उठले, झपाझप चालत शिंद्यांपुढे गेले आणि वीणा घ्यायला त्यांच्या पायांशी वाकू लागले.

शिंदे एक पाऊल मागे सरले. तार छेडता छेडता म्हणाले, "बसा, बुवा. गुडघा धरलाय न्हवं तुमचा?"